चुनखडीचा माळ

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधे एक रिलीज होतं, त्यात दोन वीकेंड गेले. तिसऱ्या वीकेंडला फोन बंद करून सरळ मामांकडे पळालो.

मामांचं गाव जुन्नर तालुक्याच्या पूर्व टोकाला, बेल्ह्याकडून अणे पठाराकडे जाताना लागतं. 'जुन्नर' म्हटलं की आपल्याला शिवनेरी, नाणेघाट आणि पावसाळी ट्रेक आठवतात. तो जुन्नर पश्चिमेचा. मामांचा जुन्नर म्हणजे कुसळी गवत, बोरी-बाभळी, मेंढरं आणि पायाखाली पांढरट खडी.

चहा व्हायच्या आत मामांनी माती परीक्षणाचा रिपोर्ट हातात दिला. "तू इंजिनीअर ना, वाच बरं." माळाच्या कडेला दोन एकर ऊस आहे, तो केवडा पडलाय. म्हणजे कोवळी पानं पिवळी-पांढरी, शिरा तेवढ्या हिरव्या. रिपोर्टमध्ये सामू ८.४ आणि मुक्त चुना १४ टक्के. दहाच्या वर गेला की जमीन चुनखडीची धरतात. आणि मामांचा बेत काय, तर कर्ज काढायचं, पोकलेन लावायचा आणि उरलेला तीन एकर माळसुद्धा सपाट करून त्यातही ऊस लावायचा. मामींचा साफ विरोध. दोघांनी मिळून निकाल माझ्यावर ढकलला. :-)

आता मी कोड लिहितो, मातीतलं मला काय कळतंय? पण सिस्टीम नीट चालत नसेल तर आधी लॉग उघडायचा, एवढं नोकरीने शिकवलंय. म्हणून पुढचे दोन आठवडे मिळेल ते वाचत बसलो. त्यातून जे कळलं ते इथे मांडतोय.

पहिला प्रश्न: एवढा चुना आला कुठून? आपला सगळा देश काळ्या दगडाचा, बेसाल्टचा. चुनखडक इथे नाहीच. पण बेसाल्टमध्ये कॅल्शियम भरपूर असतं. पावसाचं पाणी मातीत मुरताना तिथला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं आणि दगडातलं कॅल्शियम सोडवतं. पाऊस धो धो असेल तर ते वाहून जातं. पाऊस थोडका असेल तर पाणी जेमतेम हात-दोन हात खाली जातं, उन्हाने वाळतं, आणि चुना तिथेच बसतो. आधी दगडाच्या बुडाला पांढरा लेप, मग मुळांभोवती गाठी, मग गाठींचा थर. या गाठींना आपण कंकर म्हणतो. हा शब्द इंग्रजांनी इथूनच उचलला आणि भूशास्त्राच्या पुस्तकांत नेला.

म्हणजे दगड तोच, फरक पावसाचा. नाणेघाट किंवा आंबेगावातल्या आहुप्याकडे वर्षाला दोन-अडीच हजार मिलीमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तिथली माती तांबडी, धुतलेली, चुना नावालाही नाही. तिथून पूर्वेला गाडीने दोन-अडीच तास या, पाऊस पाचशे-सहाशेवर आलेला असतो आणि मातीत चुना. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या कोरड्या कुरणांत हाच प्रकार आहे. तिकडची काही कुरणं थंड, बर्फ पडणारी, आपली उन्हाने भाजणारी. पण जमिनीचा स्वभाव एकच: खडी, चुना, उथळ मुळं, आणि पीक म्हणून मुख्यतः गवत. थंडी-उन्हापेक्षा कोरडेपणाचा हात मोठा.

थोडक्यात, चुनखडी ही न पडलेल्या पावसाची नोंद आहे. लॉग फाइलच म्हणा ना. आणि हा लॉग किती मागे जातो, तर मामांच्या घरापासून जवळच, कुकडीकाठच्या बोरी गावापर्यंत जावं लागतं.

बोरीला नदीच्या काठात ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात त्याचा अभ्यास सुरू केला. राखेसोबतच्या खडीच्या थरांत अश्युलियन पद्धतीची दगडी हत्यारं मिळाली, म्हणजे हातकुऱ्हाडी वगैरे. राखेचं वय कळलं तर हत्यारांचंही कळेल, असा सरळ हिशोब. पण १९८९ मध्ये वय आलं सुमारे १४ लाख वर्षं. १९९५ मध्ये दुसऱ्या पद्धतीने आलं ६ लाख ७० हजार. त्याच सुमारास राखेचा रासायनिक ठसा जुळवून काही जणांनी सांगितलं की ही तर सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या शेवटच्या महास्फोटाची राख, साधारण ७५ हजार वर्षांपूर्वीची. सुमात्रा इथून तीन हजार किलोमीटर! नदीने आणलेल्या राखेत जुने कण मिसळले तर वय फुगतं, हा त्यातला एक मोठा घोळ. वाद नंतरही चालू राहिला. एकाच लॉगवर तीन टाइमस्टँप. आमच्या ऑफिसात असं झालं तर रात्रभर कॉल चालतो.

दुसरी नोंद वयाच्या बाबतीत जास्त स्पष्ट आहे. डेक्कन कॉलेजचे एस. एन. राजगुरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दख्खनच्या नद्यांचे काठ वाचले. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी पृथ्वी थंड होती आणि आपला मान्सून दुबळा. नद्यांना आपला गाळ वाहून नेण्याचं बळ नव्हतं, त्यामुळे पात्रं भरत गेली आणि त्या गाळात कंकर तयार झाला. पुढे सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी मान्सून जोर धरू लागला, तेव्हा नद्यांनी आपलाच गाळ कापला. आज काठावर कंकराचे उंच कडे दिसतात, ते त्या कापणीमुळे.

मग माणसांचा इतिहास. आंबेगावातून निघणाऱ्या घोड नदीवर, खाली शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ अशी पंधरा वर्षं तिथे उत्खनन झालं. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० या काळातलं शेतकऱ्यांचं गाव निघालं. कुंभार, सोनार यांच्याबरोबर तिथे चुना बनवणाऱ्याचंही घर होतं. म्हणजे साडेतीन हजार वर्षांपूर्वी या खोऱ्यात चुना बनवणं हा धंदा होता! शेवटच्या काळात मात्र ऐसपैस चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी त्याचं कारण वाढत्या कोरडेपणात शोधलं: शेती घटली, शेळ्या-मेंढ्यांवर भिस्त वाढली, आणि शेवटी गाव उठलं.

पुढेही या जमिनीने दोनच गोष्टी भरवशाने दिल्या, चुना आणि चारा. कोकणात शिंपले भाजून चुना करत, देशावर कंकर भाजून. भट्टी लावायची, कळीचा चुना पाण्यात विरवायचा, मग वाळू घालून बैलाच्या घाण्यात मळायचा. किल्ले, वाडे, घुमट, विहिरी अशा चुन्यात उभ्या राहिल्या. सिमेंट आलं आणि भट्ट्या विझल्या. चाऱ्याचं गणित धनगरांना पक्कं माहीत. पावसाळ्यात या कोरड्या माळांवर राहायचं, दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जायचं. वाटेत शेतकरी आपल्या वावरात मेंढरं बसवून घ्यायचे, खतासाठी.

मग धरणं आली. माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे. कुकडी प्रकल्पाने दोन्ही तालुक्यांचा नकाशा बदलला आणि पाणी मिळालं तिथे ऊस, द्राक्षं, टोमॅटो झाले. त्यात वाईट काहीच नाही, माझं शिक्षण त्याच पाण्यावर झालंय. पण पाणी नवं आलं, जमीन जुनीच राहिली. चुन्यामुळे सामू चढलेला असतो, अशा मातीत लोह असूनही मुळांना उचलता येत नाही. म्हणून पान पिवळं पडतं. स्फुरदही चुन्याशी बांधला जातो. आणि खडीमुळे पाणी ठरत नाही.

पुढच्या खेपेला मामांना एवढंच सांगितलं. उसाला शेणखतात मुरवलेलं हिराकस द्या, ताग-धैंचा गाडा, आणि जिप्समवर पैसे घालवू नका. ते चोपण जमिनीचं औषध, चुनखडीचं नाही. पण माळ सपाट करण्याआधी एक खड्डा खणू.

खणला. वीतभर माती, खाली पांढरा गाठाळ थर, कुदळ मारली की ठणकन वाजायचा. मामींनी स्वयंपाकघरातून लिंबू आणलं. पिळल्यावर ढेकूळ फसफसलं. पोकलेनने वरची वीतभर माती सरकवली असती, तर हाच थर उघडा पडला असता आणि त्यात ऊस लावायचा होता. वर कर्ज.

मामा बराच वेळ खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसून होते. मग म्हणाले, "आमचे आबा या तुकड्यात कधी नांगर घालायचे नाहीत. मला वाटायचं, आळस."

कर्जाचा अर्ज त्यांनी अजून दिलेला नाही. कायमचा रद्द केलाय असंही नाही. शेजारच्याने त्याचा माळ मागच्याच वर्षी फोडलाय आणि त्याचा ऊस पहिल्या वर्षी तरी बरा दिसतोय, त्यामुळे मामांची घालमेल मला कळते. आपण पगारावर जगणाऱ्यांनी त्यांना 'माळ राखा' म्हणणं सोपं आहे. या पावसाळ्यात मात्र माळावर गवतच राहणार, आणि मेंढरं येणार.

असो. त्या खड्ड्यातला एक कंकर ऑफिसच्या डेस्कवर ठेवलाय. टीममधल्या एकाने विचारलं, "काय रे हे, गडावरून दगड उचलून आणलास?" म्हटलं, बस, सांगतो. त्या दिवशीचा स्टँडअप जरा लांबला. :-)