औषधापुरती

जिन हे एक मद्य आहे, असं लोक समजतात. तिचा इतिहास चाळला तर कळतं की बाई मुळात वैद्याच्या घरची! जुनिपर नावाच्या झुडपाची फळं घालून डच लोक जी पोटाची औषधं करीत, त्यांच्यातलीच ही एक. ही फळं आमच्या आयुर्वेदालाही 'हपुषा' या नावाने ठाऊक आहेत. शिवाय जिनमध्ये धने असतात, लिंबा-संत्र्याची साल असते, कधी दालचिनीही असते. हे मी घरी वाचून दाखवल्यावर सौ. म्हणाली, "म्हणजे काढाच की! मग घेताना चेहरा इतका प्रसन्न का?"

1689 साली एक डच राजपुत्र इंग्लंडच्या गादीवर बसला आणि जिन सासरी आली. तिथे तिने असा काही संसार मांडला की 1751 साली तिला आवरायला पार्लमेंटला कायदा करावा लागला. पुढे साहेब हिंदुस्थानात हिवतापाने हैराण झाला. 1820 साली पॅरिसमध्ये सिंकोनाच्या सालीतून क्विनीन वेगळं काढलं गेलं, 1858 साली इंग्लंडात टॉनिक पाण्याचं पेटंट निघालं. हे कडू पाणी घशाखाली उतरावं म्हणून साहेब त्यात जिन घाली. हिवताप नसलेले साहेबही हे पथ्य कसोशीने पाळीत.

साहेब गेला, 1949 साली मुंबईचा दारूबंदी कायदा आला आणि जिन पुन्हा दवाखान्यात शिरली. डॉक्टरांचा दाखला आणा, प्रकृतीसाठी परमिट घ्या! कायदा पुढे सैल झाला, पण परमिट काही सुटलं नाही. हॉटेलांवर 'परमिट रूम' ही पाटी आजही आहे. एवढी प्रकृतीची काळजी घेणारं सरकार शोधून सापडायचं नाही.

पण दाखला आणणार कोण? ज्याचा ओळखीचा डॉक्टर आहे तो. बाकीच्यांसाठी खाडीकाठची हातभट्टी होतीच. 2015 साली आमच्याच उपनगरात, मालाडच्या मालवणीत, विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. त्या दारूत मिथेनॉल होतं. तिथे ना हपुषा होती, ना धने. दिवसभर राबून आलेल्या माणसाने स्वस्तात मागितलेली घटकाभराची विश्रांती तेवढी होती. आमच्या औषधाला आणि त्यांच्या विषाला भाषेत शब्द एकच, 'दारू'. हे आठवलं की ग्लास हातात जरा जड होतो.

असो. बोरिवलीत आमच्या गॅलरीत दोन कुंड्या आहेत, एक पुदिन्याची, एक गवती चहाची. पुदिन्याची सात-आठ पानं, गवती चहाची एक पात आणि काकडीच्या चार चकत्या, चमचाभर साखरेबरोबर ग्लासात हलकेच चेचाव्यात. पानांचा चोथा करू नये, कडवट लागतो. वर अर्धं लिंबू, तीस मिलिलिटर जिन, बर्फ आणि सोडा. दारू, साखर, लिंबू, पाणी आणि एक सुवासिक जिन्नस अशा पाच वस्तूंचं पेय कंपनीचे गोरे सतराव्या शतकात इथे पीत. आपल्या 'पाच'वरूनच त्याला 'पंच' म्हणू लागले, असं मानतात. तेव्हा कॉकटेल म्हणून हॉटेलात शेकड्यांनी पैसे मोजायचं कारण नाही.

सौ.ला मात्र यातलं जिन सोडून सगळं पसंत आहे. तिच्या ग्लासात ती नसते. गंमत म्हणजे तिचाही चेहरा तितकाच प्रसन्न असतो.