राजदूतचा जीर्णोद्धार

इतिहास म्हटला की आमच्या भागातील माणसाला देवगडचा किल्ला आठवतो, बख्तबुलंद आठवतो, नागपूरकर भोसले आठवतात. वर्गात मीही आजवर हेच शिकवत आलो. परंतु गेल्या उन्हाळ्यात कोठ्यातल्या कडब्याआड उभी असलेली बाबांची राजदूत मोटारसायकल अंगणात ओढून काढली, आणि इतिहासाचे एक साधन आपल्याच घरी पंधरा-वीस वर्षे धूळ खात पडले होते, हे ध्यानात येऊन मी काहीसा ओशाळलो.

गाडी १९७९ सालची. बाबा संत्र्याच्या बागांचे सौदे करीत. बहर पाहायचा, भाव ठरवायचा, इसार द्यायचा आणि तोडणीच्या वेळी हजर राहायचे, असा त्यांचा व्यवसाय. आज सौसर, उद्या पांढुर्णा, परवा मोहगाव. ही फिरस्ती त्यांनी आधी सायकलवर केली आणि मग राजदूतवर.

आमच्या या पट्ट्यात मोटारसायकलीला एवढे महत्त्व का आले, हे समजण्यासाठी नकाशा पाहावा लागतो. पांढुर्णा हे नागपूर-इटारसी या मोठ्या रेल्वेमार्गावर आहे. सौसर मात्र नागपूर-छिंदवाडा मार्गावर, आणि तो मार्ग २०१५ पर्यंत अरुंद रुळांचा होता. रामाकोना, लोधीखेडा, सौसर या स्थानकांवरून डुलत जाणारी ती छोटी गाडी आमच्या पिढीच्या चांगलीच स्मरणात आहे. दोन गावे शेजारची, पण एकाचे रूळ दुसऱ्याला भेटत नाहीत. मधली सारी ये-जा रस्त्याने, आणि खेड्यापाड्यांत तर नुसत्या गाडवाटेने.

त्यात १९५६ चा नोव्हेंबर आला. १ तारखेला राज्यांची पुनर्रचना झाली. त्या दिवसापर्यंत नागपूर ही आमच्याच मध्यप्रदेशाची राजधानी होती. ती दुसऱ्या राज्यात गेली आणि मराठी बोलणारे सौसर-पांढुर्णा इकडेच राहिले. राजधानी भोपाळला गेली. पण बाजार, दवाखाना आणि सोयरीक नागपूरलाच राहिली. म्हणून आमच्याकडे गाडी नागपुरात घ्यायची आणि पासिंग छिंदवाड्याला करायचे, असा दुहेरी संसार सुरू झाला. बाबांच्या गाडीचे जुने कागद उलगडले तेव्हा विक्रीची पावती एका राज्याची आणि नोंदणीचे पुस्तक दुसऱ्या राज्याचे, असे दोन्ही एकाच पिशवीत निघाले. सीमाभागाचा इतिहास सांगायला याहून बोलका दस्तऐवज कोणता?

आता गाडीच्या कुळाकडे वळू. राजदूत बनवणारी एस्कॉर्ट्स कंपनी १९४४ साली लाहोरात नंदा बंधूंनी सुरू केली. फाळणीने तिला दिल्लीकडे आणले. पुढे १९६० नंतरच्या काळात पोलंडमधील किएल्त्से शहराच्या एसएचएल या कारखान्याशी करार होऊन त्यांच्या एम-११ या मोटारसायकलीच्या धर्तीवर फरीदाबादला राजदूत तयार होऊ लागली. १७३ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, सहा व्होल्टची वीज, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून टाकायचे. यंत्र साधे, अंगाने दणकट. धर्मेंद्र यांच्या जाहिरातीने ती खेडोपाडी पोचली. १९७३ च्या ‘बॉबी’ चित्रपटाने तिचे जीटीएस हे धाकटे भावंड प्रसिद्ध केले आणि लोक त्या गाडीलाच ‘बॉबी’ म्हणू लागले.

तिच्या सोबतिणींची कथाही अशीच आहे. इंग्लंडातील रेडिचची बुलेट १९५५ साली मद्रासला आली, आणि १९७० पर्यंत तिचे माहेर बंद पडले तरी ती सासरी नांदत राहिली. चेकोस्लोव्हाकियाची जावा मुंबईच्या इराणी कुटुंबाने म्हैसूरला आणली. १९६१ पासून ती तिथे बनू लागली आणि पुढे ‘येझदी’ झाली. तो कारखाना १९९६ साली बंद पडला. या तिन्ही गाड्या परदेशात जन्मल्या आणि आपल्या मातीत वाढल्या. दूधवाल्याने त्यांना कॅनचे आकडे लावले, बागवानाने पेट्यांचे कॅरिअर बसवले, लग्नात त्या हुंड्याच्या यादीतही गेल्या. ही शेवटची गोष्ट अभिमानाची नाही. पण इतिहास लिहिताना ती गाळून चालणार नाही.

१९८४-८५ नंतर जपानी सहकार्याच्या १०० सीसीच्या हलक्या गाड्या आल्या. त्या थोड्या पेट्रोलमध्ये फार धावत. पुढे धुराचे नियम कडक झाले आणि जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांचा काळ सरला. बाबांनीही एक हलकी गाडी घेतली. राजदूत कोठ्यात गेली आणि तिच्या सीटवर कोंबडी अंडी घालू लागली.

बाबा गेल्यावर तिचे काय करायचे, हा प्रश्न उरला. भंगारवाला वजनावर मागत होता. मुलगा नागपूरला शिकतो, तो म्हणाला, “बाबा, याची मस्त कॅफे रेसर बनवू. मडगार्ड कापू, हँडल खाली घेऊ, टाकी काळी करू.” गावचा मिस्त्री म्हणाला, “सर, मी तुमाले कंपनीवानी करून देतो. शोरूममधून निघाली तशी.” मी मात्र ठरवले की काम घरच्या अंगणातच करायचे, सुटीच्या दिवशी करायचे आणि पंधरा हजारांच्या वर जायचे नाही. काय राखायचे आणि काय बदलायचे, हे काम करता करता ठरवू.

ज्यांच्या घरी अशी एखादी गाडी पडून आहे, त्यांच्यासाठी आमच्या कामाचा क्रम सांगतो. खोलण्यापूर्वी प्रत्येक भागाचे छायाचित्र काढले आणि नटबोल्ट निरनिराळ्या डब्यांत चिठ्ठ्या लावून ठेवले. इंजिन जाम होते. प्लग काढून त्या छिद्रातून डिझेल व ऑइल सोडले, आठवडाभर तसेच ठेवले आणि मग हळूहळू किक हलवली. जोर केला असता तर पिस्टन गेला असता. सिलिंडर नागपूरला बोअर करून आणला व त्या मापाचा पिस्टन आणि रिंगा घातल्या. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकचे ऑइल सील कडक झाले तर हवा शिरते आणि गाडी काही केल्या नीट चालत नाही. ते दोन्ही सील बदलले. सायलेंसरमधला कार्बन खरडून काढला, पॉइंट घासून साफ केले. टाकीत धुण्याच्या सोड्याचे पाणी व बारीक गोटे घालून तास-तासभर हलवले, तेव्हा आतला गंज निघाला. सर्वांत आधी पैसे खर्च केले ते ब्रेक, टायर, चेन आणि वायरिंगवर. रंग सर्वांत शेवटी. पुष्कळ लोक उलटे करतात. रंगात पैसे संपतात आणि गाडी ओट्यावर शोभेला उभी राहते.

सुट्या भागांसाठी नागपूरच्या जुन्या दुकानांत चार चकरा झाल्या. एका दुकानदाराने नवा म्हणून जुनाच कार्बोरेटर पॉलिश करून दिला. ती शिकवणी चारशे रुपयांना पडली. शेवटी मूळचाच कार्बोरेटर रॉकेलमध्ये धुऊन, जेट फुंकून बसवला आणि तो उत्तम चालला.

आता मुख्य प्रश्न. टाकीचा रंग खरवडला तेव्हा वरच्या निळ्याखाली लाल निघाला आणि लालाखाली काळा. मूळ रंग कोणता हे कळले. पण बाबांची गाडी म्हणून गाव जिला ओळखत होते ती निळी होती. मागे लोखंडी अँगलचे कॅरिअर होते, संत्र्याच्या दोन पेट्या मावतील एवढे. आणि डाव्या बाजूला, कंपनीच्या पायदानाच्या खाली वीतभर अंतरावर, आणखी एक लोखंडी पट्टी वेल्डिंगने जोडलेली होती.

मिस्त्रीने ग्राइंडर हातात घेतला. “सर, हे काहाले ठेवता? कंपनीचं नाही हे. कापून टाकू?”

मी हो म्हणणार होतो. तेवढ्यात ओट्यावर बसलेली आई म्हणाली, “ते राहू दे रे. ते माझं आहे.”

मग तिने सांगितले. मी चौथी-पाचवीत असताना ती विहिरीच्या पायऱ्यांवरून पडली. गुडघा आखडला तो कायमचा. कंपनीच्या पायदानावर तिचा पाय चढेना. महिन्यातून एकदा नागपूरच्या दवाखान्यात जायचे, आणि बसपर्यंत बैलगाडी शिवाय सोय नाही. बाबांनी लोहाराकडून ती पट्टी बसवून घेतली. चार वर्षे ती तिच्यावर पाय ठेवून सौसरच्या बसस्थानकापर्यंत गेली. मी याच घरात वाढलो, पण मला हे ठाऊक नव्हते. कंपनीवानी गाडी करण्याच्या नादात आमच्या घराच्या इतिहासातला एकुलता एक शिलालेख मी ग्राइंडरने पुसून टाकणार होतो.

आपल्याकडे जीर्णोद्धाराच्या नावाखाली पुष्कळदा हेच घडते. जुन्या दगडी देवळावर ऑइलपेंट चढतो, गाभाऱ्यात चकाकणाऱ्या टाइल्स बसतात, आणि उद्धार झाल्याचे समाधान मानून आपण प्रसाद घेऊन घरी येतो. दुसऱ्या टोकाला ‘मूळ रूप’ म्हणून सगळी भर खरवडून काढणारेही आहेत. पण मूळ म्हणजे कुठले? पोलंडचे, फरीदाबादचे की सौसरच्या लोहाराचे? काळाने जे बिघडवले ते दुरुस्त करावे. माणसाने गरजेपोटी जे जोडले ते सहसा काढू नये. आणि आपल्या हौसेची भर घालायची तर ती उद्या कुणाला काढता येईल अशी घालावी. अंगणात उकिडवे बसून मी एवढा एक नियम शिकलो.

कायद्यानेही आपली रेघ ओढली आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीतील तपशिलाशी विसंगत फेरफार चालत नाहीत, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करण्यास मनाई केली. मुलाची कॅफे रेसर तिथेच अडली. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते. २०२२ च्या एप्रिलपासून दुचाकीसाठी त्याचे शुल्क ३०० वरून १००० रुपये झाले आणि २०२५ साली वीस वर्षांपुढील दुचाकींना २००० रुपये ठरले. अंदाजपत्रकात ही रक्कम आधीच धरावी. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षे झालेल्या आणि मोठा फेरफार न झालेल्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. मात्र मग ती रोजच्या वापराला चालत नाही. बाबांची गाडी २०२९ साली त्या वयाची होईल. ती तशी नोंदवावी की नाही, हे मुलाने ठरवावे.

गाडी निळीच ठेवली. कॅरिअर गंजून तडकले होते. त्याच मापाचे नवे केले, पण नटबोल्टाने बसवले. मुलाचेही मन राखले: त्याच्या पसंतीचे सीट कव्हर शिवून घेतले आणि हँडलला नव्या मुठी बसवल्या. खर्च सोळा हजार आठशे झाला; अंदाजपत्रक कोलमडण्याची सरकारी परंपरा घरातही पाळली गेली.

२०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा आणि सौसर हे दोन तालुके मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. पासिंगसाठी बाबा ज्या छिंदवाड्याला जात, तो आता शेजारचा जिल्हा आहे. सीमा अशा सरकत राहतात. गाडीच्या नोंदणीपुस्तकावर मात्र जुन्या जिल्ह्याचे नाव तसेच आहे.

पोळ्याच्या आधी एका सकाळी पाचव्या किकेला गाडी सुरू झाली. निळसर धूर अंगणभर पसरला, कोंबड्या पळाल्या. आई काठी टेकत आली. वय ब्याऐंशी. म्हणाली, “बसू का?” मिस्त्रीने आणि मुलाने आधार दिला. तिने डावा पाय उचलून त्या पट्टीवर ठेवला; न पाहता ठेवला, आणि बरोबर ठेवला.

गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणली. उतरताना म्हणाली, “तुझे बाबा याहून हळू चालवत.”