नाणेघाट कोणी राखला?

वैशाखऱ्याच्या बाजूने नाणेघाट चढताना रानातली पायवाट संपली की कातळात खोदलेल्या पायऱ्या लागतात, मग लेणं, मग दोन कड्यांमधली अरुंद खिंड. ती ओलांडून पठारावर आलं की दगडी रांजण दिसतो आणि सातवाहनांच्या जकातीची गोष्ट हमखास सांगितली जाते : व्यापारी यात नाणी टाकत आणि पुढे जात. गोष्ट रंजक आहे, पण तिच्यामुळे अख्खा घाट राजाच्या तिजोरीत जमा होतो. घाटातल्या कोरीव लेखांचं म्हणणं जरा वेगळं आहे. लेण्यातला मोठा लेख राणी नागनिकेचा मानला जातो. १८२८ च्या सुमारास कर्नल साइक्सने तो अभ्यासकांच्या नजरेस आणला आणि पुढे भगवानलाल इंद्रजी, ब्यूलर यांनी त्याच्या वाचनावर मेहनत घेतली. त्यात अश्वमेधासारखे यज्ञ आहेत, दक्षिणेचे आकडे आहेत (एका ठिकाणी ११,००० गाई आणि १,००० घोडे), पण जकातीचं नाव नाही. शेजारी सिमुक, सातकर्णी, नागनिका आणि इतरांच्या प्रतिमा होत्या. आज त्यांची नावं आणि पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. यज्ञ कुठेही झाले असोत, त्यांची जाहिरात घाटमाथ्यावर झाली. कल्याण-सोपाऱ्याकडून येणारा माणूस दम खायला जिथे थांबणार, तिथेच राजघराण्याने आपला दरबार दगडात मांडला. रस्ता वाहता होता म्हणून राजा तिथे आला, असाच याचा अर्थ मला लागतो.

मग वाट राखली कोणी? पायऱ्यांजवळच्या पाण्याच्या एका टाक्यावर सोपाऱ्याच्या गोविंददासाचं नाव आहे. सोपारा म्हणजे खाली समुद्रकाठचं बंदर; तिथल्या माणसाने घाटात पाण्याची सोय केली, कारण या चढणीवर तहान कुठे लागते हे त्याला किंवा त्याच्या माणसांना ठाऊक असणार. वर जुन्नरच्या लेण्यांत धान्याचे व्यापारी, बांबूकाम करणारे, कासार यांच्या श्रेणी, म्हणजे व्यावसायिक संघ, दिसतात, यवन दातेही दिसतात. घाटाच्या दोन्ही टोकांना पैसा होता, संघटना होती आणि दान द्यायची रीत होती. राजा जकात घेतच नसेल, असं कोणी म्हणणार नाही. शुल्क हे त्या काळच्या राज्याचं नेहमीचं उत्पन्न होतं. पण घेणं आणि राखणं यांत अंतर आहे, आणि राखण्याचा पुरावा टाक्यावर आहे, रांजणावर नाही.

यावर एक भक्कम आक्षेप येतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ पैठण आणि तेरचा माल गाड्यांतून भडोचला जात असल्याचं सांगतो. मग नाणेघाटाचा व्यापार मोठा कशावरून? त्याच ग्रंथात उत्तरही आहे : कल्याण पूर्वी रीतसर बंदर होतं, पुढे तिथे अडवणूक सुरू झाली आणि चुकून आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला पाठवली जाऊ लागली. जुन्नरात सातवाहनांचा प्रतिस्पर्धी क्षत्रप नहपान याचा अमात्य अयम याचा लेख आहे, म्हणजे घाटमाथा काही काळ क्षत्रपांच्या हाती होता. राज्यकर्ते घाट बंद पाडू शकत होते, हे यातून मान्य करावंच लागतं. पण सातवाहन-क्षत्रपांचं भांडण निवलं की वाहतूक त्याच वाटेवर परतावी, इतकी ही चढण कोकण आणि देशाला सोयीची होती.

शेजारच्या जीवधन किल्ल्याकडे पाहिलं की हे आणखी पटतं. घाटघरकडून माथ्यावर गेल्यावर खालची खिंड जणू हातात आल्यासारखी दिसते. किल्ला तिथे का आहे, हे वेगळं सांगावं लागत नाही. निजामशाहीच्या अखेरीस बालराजा मुर्तझाला इथेच ठेवलं होतं, असं सांगतात. १८१८ मध्ये इंग्रजांनी गडाच्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या आणि गड निकामी झाला. घाटाला सुरुंग लागला नाही. पण १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे धावू लागली, मोठा माल तिकडे वळला, आणि सातवाहनांपासून पेशव्यांपर्यंत इतक्या राजवटी बुडूनही जी वाट ओस पडली नव्हती, तिच्यावरचे बैलांचे तांडे विरळ होत गेले.