साखळी-करवतीची साखळी

सुताराची करवत बोथट झाली तर ती अडते, फार तर वांकते. तुटून कोणाच्या अंगावर धांवून येत नाहीं. साखळी-करवतीचें तसें नाहीं. पावसाळ्यांत पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर उन्मळलेलीं झाडें हीच करवत कापते. श्रोतेहो, तिचा कर्कश आवाज आपण सर्वच ऐकतों. पण तिची साखळी घडली कशी व बिघडली म्हणजे काय होतें, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं.

मौज अशी कीं, ही साखळी प्रथम रानांत नव्हे, शस्त्रक्रियेच्या मेजावर आली. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधील जॉन ऐटकेन व जेम्स जेफ्री या वैद्यांनीं हाडें कापण्यासाठीं बारीक दांत्यांची लवचिक साखळी वापरली. ती हातानें ओढावयाची असे. पुढें १८३० च्या सुमारास जर्मनींत बर्नहार्ड हाइने यानें पात्याभोंवतीं तशी साखळी बसवून ती हातदांड्यानें फिरविली. आजच्या करवतीचा सांगाडा हाच. १९२६ ते १९२९ या काळांत आंद्रेआस श्टील व एमिल लेर्प या जर्मनांनीं तिला वीज व पेट्रोल यांची जोड दिली. तेव्हां ती धरावयास दोन माणसें लागत.

त्या काळच्या साखळीचे दांत लांकूड खरवडीत आणि लवकर बोथट होत. लांकूडतोड्याचा बराच वेळ कानस चालविण्यांत जाई. १९४६ सालीं अमेरिकेंतील ओरेगॉन संस्थानांत जोसेफ कॉक्स या लांकूडतोड्याचें लक्ष एका खोडांत लांकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीकडे गेलें. तिचे जबडे डावी-उजवीकडे आळीपाळीनें कातरीत; रेषा उभी असो वा आडवी, तिचें कांहींच अडत नसे. तोच घाट कॉक्सनें पोलादांत उतरविला व १९४७ त ती साखळी विक्रीस आणली. आजच्या बहुतेक साखळ्या याच वंशाच्या. एवढ्या बलाढ्य यंत्राचा गुरु एक अळी असावी, हें मला तरी फार गोड वाटतें.

या साखळींत एकाआड एक डावा-उजवा दांत असतो. खिळा वा दगड लागून एका बाजूचे दांत खचले, कीं काप वांकडा जातो. कपच्यांऐवजीं पीठ पडूं लागलें, म्हणजे दांत बोथटले असें समजावें. अशा वेळीं अनाडी मनुष्य यंत्रावर भार देतो. मग साखळी तापते, सैल पडते, आणि सारा ताण दुवे जोडणाऱ्या रिव्हेटांवर येतो. तडा जातो तो बहुधा तेथेंच.

पूर्ण वेगांत साखळी सेकंदाला सुमारें २० मीटर धांवते. ती तुटली तर मोकळें टोक चाबकासारखें फटकारतें. कधीं एखादा तुकडा गोफणगुंड्यासारखा सुटतो. म्हणून यंत्रकारांनीं पात्याच्या मुळाशीं साखळी अडविणारी आंकडी बसविली व मागची मूठ खालून रुंद केली. १९७० नंतरच्या दशकांत साखळीचा ब्रेक प्रचारांत आला. पातें उसळून अंगावर येतें तेव्हां तो खरा उपयोगी. पण तुटून सुटलेल्या साखळीला तो काय थांबविणार? पात्याच्या रेषेंत कोणीहि उभें न राहणें, हाच तेथें उपाय.

साखळी तपासावयाची ती यंत्र बंद करून, स्पार्क प्लगची तार काढून, जाड हातमोजे घालून. एखादाच दुवा गेला असेल तर त्याच मापाचा दुवा जाणत्याकडून बसवून घेतां येतो. अनेकांना तडे दिसले तर साखळी मोडींत घालावी. तापलेली साखळी घट्ट करून तशीच ठेवूं नये. निवतांना ती आखडते व यंत्राचा दांडा ओढते. मोडींत घातलेली साखळीहि अखंड टाकूं नये, नाहीं तर दुसराच कोणी ती उचलून पुन्हां चढवावयाचा. तिचे दोन तुकडे करावे आणि मगच भंगारवाल्याला द्यावी.