निळ्या पडद्याचा इतिहास : दोष नेमका कुणाचा?

२० एप्रिल १९९८ रोजी शिकागोच्या कॉम्डेक्स प्रदर्शनात बिल गेट्स येऊ घातलेल्या विंडोज ९८ ची ओळख करून देत होते. त्यांचे सहकारी ख्रिस कॅपोसेला यांनी संगणकाला एक स्कॅनर जोडला. उपकरण नुसते जोडावे आणि संगणकाने ते आपणहून ओळखावे, हे या प्रणालीचे मोठे आकर्षण होते आणि तेच लोकांना दाखवायचे होते. क्षणभरात भल्यामोठ्या पडद्यावर निळा रंग पसरला आणि त्यावर पांढरी अक्षरे उमटली. सभागृहात हशा पिकला. म्हणूनच हे अजून बाजारात आणलेले नाही, अशा अर्थाचा विनोद करून गेट्स यांनी वेळ मारून नेली. ही हकिकत आजही किस्सा म्हणून सांगितली जाते आणि तिच्यातला स्कॅनर मात्र विसरला जातो. वास्तविक संगणकाच्या इतिहासातला एक मोठा पेच त्या स्कॅनरपाशीच सुरू होतो.

संगणकाला जोडलेल्या प्रत्येक उपकरणाची भाषा वेगळी असते. छपाईयंत्र, ध्वनिपत्रिका, नेटवर्क कार्ड या सगळ्यांच्या भाषा शिकणे संगणकाच्या मुख्य प्रणालीला शक्य नसते. म्हणून उपकरण बनवणारी कंपनी सोबत एक दुभाषा देते. त्यालाच ड्रायव्हर म्हणतात. हा दुभाषा बसतो कुठे, हा खरा प्रश्न आहे. मल्टिक्स या १९६० च्या दशकातील प्रणालीने अधिकारांची एकात एक वलये कल्पिली. इंटेलच्या १९८५ मधील ३८६ या प्रक्रियकात अशी चार वलये होती. विंडोजने त्यांतली दोनच वापरली. बाहेरच्या वलयात आपण वापरतो ते कार्यक्रम, तर आतल्या वलयात प्रणालीचा गाभा. आपल्या जुन्या वाड्यांच्या भाषेत सांगायचे तर एक ओटी आणि एक माजघर. ओटीवरचा पाहुणा घसरून पडला तर त्याला उठवून बाहेर पाठवता येते आणि घर चालू राहते. ड्रायव्हर मात्र उपकरणाशी वेगाने बोलता यावे म्हणून थेट माजघरात घेतला गेला. तिथे कुणाच्या हातून दिवा कलंडला तर सगळा वाडा धोक्यात येतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. निळा पडदा म्हणजे संगणकाचे कोसळणे नव्हे, तर जाणूनबुजून थांबणे. गाभ्यातली स्मृती बिघडली आहे असे लक्षात आल्यावर प्रणाली तसेच काम रेटत राहिली, तर बिघडलेला मजकूर डिस्कवर लिहिला जाईल आणि वापरणाऱ्याचे वर्षानुवर्षांचे काम नासेल. त्यापेक्षा सगळे जागच्या जागी थांबवून कारण लिहून ठेवणे शहाणपणाचे. डेव्हिड कटलर यांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या आणि १९९३ मध्ये आलेल्या विंडोज एनटीत हा पडदा जॉन व्हर्ट यांनी लिहिला. त्यावर ड्रायव्हरचे नाव आणि चुकीचा क्रमांक दिसण्याची सोय होती. गंमत अशी, की त्याच एनटीच्या १९९६ मधील चौथ्या आवृत्तीत वेग वाढवण्यासाठी चित्रांकनाचा मोठा भाग गाभ्यात हलवला गेला. वेगासाठी माजघरातली गर्दी वाढली.

आपल्याकडे हा काळ ‘असेंबल्ड’ संगणकांचा होता. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून एका कंपनीचा मदरबोर्ड, दुसरीचे ग्राफिक्स कार्ड, तिसरीचा मोडेम आणायचा आणि ओळखीच्या मुलाकडून जोडून घ्यायचा. सोबत मिळालेल्या ड्रायव्हरच्या सीड्या जपून ठेवायच्या, कारण त्या हरवल्या की आवाज गेला किंवा रंग गेले. निरनिराळ्या देशांत, एकमेकांना न विचारता लिहिलेले हे दुभाषे एकाच गाभ्यात नांदत. त्यामुळे निळा पडदा घरोघरी परिचयाचा झाला. त्यावर ठरलेला इलाज म्हणजे ‘फॉरमॅट मारा’. आणि ठरलेला आरोप म्हणजे ‘तू काहीतरी दाबलं असशील’. घरातल्या ज्येष्ठांनी त्यानंतर संगणकाला हात लावणे सोडले, अशी उदाहरणे अनेकांच्या स्मरणात असतील. ज्याचा दोष सर्वांत कमी, त्याच्याच माथी तो मारला गेला.

खरा दोष शोधायची साधने हळूहळू घडत गेली. विंडोज ९५ मध्ये ‘सेफ मोड’ होता. त्यात अत्यावश्यक तेवढेच ड्रायव्हर घेऊन संगणक सुरू होई. तसा तो नीट चालला तर संशय वगळलेल्यांपैकी कुणावर तरी जाई. एनटीत शेवटच्या सुस्थितीकडे परतण्याची सोय होती. २००१ च्या विंडोज एक्सपीत नवा ड्रायव्हर काढून जुना परत बसवणे एका बटणावर आले. या सगळ्यामागचे तर्कशास्त्र वैद्याचेच आहे: तक्रार कधी सुरू झाली, त्याआधी काय बदलले, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहणे. जाणकार मंडळी थांबण्याच्या क्षणी डिस्कवर उतरलेली स्मृतीची नोंद उघडून वाचत. पण गुन्हा एकाने करावा आणि नाव दुसऱ्याचे यावे, असेही तिथे घडे. एका ड्रायव्हरने दुसऱ्याच्या स्मृतीत लिहून ठेवलेली चूक तासाभराने भलत्याच ठिकाणी फुटे. म्हणून विंडोज २००० मध्ये ‘ड्रायव्हर व्हेरिफायर’ आला. तो संशयिताला मुद्दाम अडचणीत टाकतो, त्याच्या स्मृतीभोवती कुंपण घालतो आणि पाऊल बाहेर पडताच त्याच क्षणी पकडतो.

पुढे आकडे बोलू लागले. २००१ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी लिनक्सचा गाभा तपासला, तेव्हा ड्रायव्हरमधील चुकांचे प्रमाण उर्वरित भागाच्या तीन ते सात पट असल्याचे आढळले. २००३ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांच्या निबंधात नमूद झाले, की एक्सपीच्या तत्कालीन नोंदींपैकी ८५ टक्के बिघाड ड्रायव्हरमुळे होते. म्हणजे लोक ज्याला ‘विंडोजचा रोग’ म्हणत होते, तो बहुतांशी पाहुण्यांनी आणलेला होता. पण पाहुण्यांना माजघरात बसवण्याचा निर्णय यजमानाचा होता, हेही विसरून चालणार नाही.

त्यानंतर उपाय दोन दिशांनी निघाले. पहिला गणिताचा. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागात थॉमस बॉल आणि श्रीराम राजमणी यांनी ‘स्लॅम’ प्रकल्पातून ड्रायव्हर न चालवताच त्याची संहिता नियमांवर तपासण्याची पद्धत घडवली. राजमणी पुढे या संस्थेच्या बंगळुरू केंद्राचे प्रमुख झाले. कोणताही कार्यक्रम निर्दोष आहे की नाही हे सांगणारे सर्वसाधारण यंत्र असू शकत नाही, हे ॲलन ट्युरिंग यांच्या १९३६ च्या निबंधापासून माहीत होते. पण ठरावीक नियम मोडला जातो का, एवढाच प्रश्न विचारला तर पुष्कळदा उत्तर मिळते. दुसरा उपाय बैठक बदलण्याचा. २००७ मध्ये लोकांहाती आलेल्या विंडोज व्हिस्टाने चित्रांकनाच्या ड्रायव्हरचा बराच भाग बाहेरच्या वलयात आणला आणि गाभ्याशी दोन सेकंद प्रतिसाद न देणाऱ्या ग्राफिक्स कार्डाला नव्याने सुरू करण्याची सोय केली. संक्रमणकाळ कष्टाचा गेला. पुढे एका खटल्यात उघड झालेल्या कागदपत्रांत व्हिस्टाच्या नोंदवलेल्या बिघाडांपैकी जवळपास २९ टक्के एकट्या एनव्हिडियाच्या ड्रायव्हरांकडे दाखवले होते.

मग माजघराचे दार सरळ बंदच का करू नये? २००६ मध्ये तसा प्रयत्न झाला. ६४ बिटी विंडोजचा गाभा बदलण्यास इतरांना मज्जाव करताच सिमँटेक आणि मॅकॅफी या सुरक्षा कंपन्यांनी जाहीर विरोध केला. मायक्रोसॉफ्ट स्वतःही सुरक्षा विकत असताना किल्ली फक्त तिच्याकडे राहणार, हा त्यांचा आक्षेप अगदीच निराधार नव्हता. दार उघडे ठेवले तर अपघात, बंद केले तर मक्तेदारी, असा हा पेच.

त्याची किंमत १९ जुलै २०२४ रोजी जगाने मोजली. भारतीय वेळेनुसार सकाळी पावणेदहाच्या आत क्राउडस्ट्राइक या कंपनीने आपल्या सुरक्षा प्रणालीला एक छोटी माहिती-फाइल पाठवली. गाभ्यात बसलेला तिचा ड्रायव्हर रीतसर तपासून शिक्का मारलेला होता; रोज येणाऱ्या माहितीवर मात्र तसा शिक्का नव्हता. जिथे २० गोष्टी पुरवल्या जात होत्या तिथे एकविसावी वाचायचा प्रयत्न झाला आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख संगणक निळे पडले. दीड तासाच्या आत फाइल मागे घेतली गेली, पण बंद पडलेल्या यंत्रांना ते कळणार कसे? तंत्रज्ञांना एकेका यंत्रापाशी जाऊन सेफ मोड उघडून ती फाइल हाताने पुसावी लागली. डिस्कला कुलूप असेल तर आधी ४८ अंकी किल्ली शोधायची. जगभर हजारो उड्डाणे रद्द झाली आणि भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांच्या हाती पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास आले. एकविसाव्या शतकातल्या बिघाडावर विसाव्या शतकातला सेफ मोड आणि त्याहून जुना पेन धावून आला.

आता मायक्रोसॉफ्टने सुरक्षा कंपन्यांना गाभ्याबाहेर राहून काम करता येईल अशी व्यवस्था उभारायला घेतली आहे, आणि २०२५ मध्ये निळ्या पडद्याच्या जागी काळा पडदा आणल्याचे जाहीर केले आहे. रंगाचे काय, तो बदलेल. या तीन दशकांतून घ्यायचे ते एवढेच: संगणक थांबला की प्रथम समोर बसलेल्या माणसाकडे बोट दाखवू नये. काल नवे काय बसवले, ते कुणी लिहिले, ते कुणी तपासले आणि त्याला आत कुणी घेतले, हे चार प्रश्न त्याच क्रमाने विचारावेत. बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडते.