नव्व्याण्णव रुपयांचे घर

किन्हीराजा येथील आमच्या घराचा जुना कागद आज मी समोर घेऊन बसलो आहे. १९५२ साली माझ्या आजोबांनी ते घर विकत घेतले. कागदावर किंमत आहे नव्व्याण्णव रुपये. प्रत्यक्षात चारशे मोजले होते, हे घरातील लहानथोरांस ठाऊक होते. मग शंभरास एक रुपया कमी, हा आकडा कोठून आला?

त्याचे मूळ १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यात आहे. शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीचे घर नोंदलेल्या दस्तानेच विकता येते. त्याखालील घराचा नुसता ताबा दिला तरी विक्री पुरी होते. नोंदणी म्हटली की मुद्रांक आला, सरकारी फी आली, दस्त लिहिणाराची मजुरी आली, साक्षीदारांचे गाडीभाडे आणि फराळ आला. हे सारे टाळण्यासाठी नव्व्याण्णवचा आकडा! आजोबा लबाड नव्हते. परंतु घराच्या किमतीपलीकडेही काही खर्च असतो, हे त्यांच्या हिशेबात बसेना.

असा खर्च इंग्रजांनीच प्रथम आणला, असे मात्र समजू नये. मराठी राज्यातही मिरास वा वतन विकले जाई तेव्हा गोत जमे, पाटलाच्या नावापाशी नांगराची निशाणी उमटे, आणि सरकारची मान्यता हवी तर नजर भरावी लागे. तेथे गाव हाच साक्षीदार होता. इंग्रजी अमलात साक्षीदाराची जागा कागदाने घेतली.

ह्या छापील कागदाचा जन्म हॉलंडमधला, १६२४ सालचा. इंग्लंडने तो १६९४ मध्ये उचलला, फ्रान्सशी चाललेल्या युद्धाच्या खर्चासाठी आणि केवळ चार वर्षांपुरता! ती चार वर्षे अद्याप संपलेली नाहीत. बंगालमध्ये हा कर १७९७ साली आला, मुंबई इलाख्यात १८२७ च्या नियमांत त्यास जागा मिळाली. पुढे १८९९ चा मुद्रांक कायदा व १९०८ चा नोंदणी कायदा झाला. मुंबई राज्याने १९५८ साली आपला स्वतंत्र मुद्रांक कायदा केला. तोच आज महाराष्ट्राचा आहे. वेगळा करार नसेल तर खरेदीखताचा मुद्रांक घेणाराने द्यावा, असे त्यात स्पष्ट आहे. कमी मुद्रांकाचा दस्त, शुल्क व दंड भरल्यावाचून, न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. लोक किंमत कमी लिहितात हे सरकारनेही ओळखले. म्हणून आता दस्तातील आकडा व सरकारी दरपत्रकानुसार येणारा बाजारभाव यांपैकी जो अधिक, त्यावर शुल्क घेतात. आजोबांची युक्ती आज चालावयाची नाही.

ह्या शुल्काचे वजन केवढे, ते २०२० मध्ये दिसले. महामारीच्या त्या वर्षी राज्याने सप्टेंबर ते डिसेंबर मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी उतरविले, आणि डिसेंबरात निबंधकांच्या कार्यालयांपुढे रांगा लागल्या. शहरात सदनिका घेणारास याखेरीज वकिलाकडून मागील मालकीचा शोध, दलाली, कर्जाची फी आणि गृहसंस्थेचे हस्तांतरण शुल्क असतेच. माझ्या ओळखीची काही सुशिक्षित कुटुंबे किंमत ठरवून बयाणा देतात, आणि मग ह्या रकमांसाठी दागिने मोडतात. गणित शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या मला त्याचे फार वाईट वाटते.

आमच्या घराचे पुढे असे झाले. २०१४ साली ते विकावयास काढले. घेणाराच्या वकिलांनी नव्व्याण्णवचा कागद पाहून मान हलविली. खरी किंमत चारशे, नोंदणी नाही. म्हणजे कागदाने मालकी आलीच नव्हती. बासष्ट वर्षांच्या वहिवाटीमुळे आम्हांस तेथून कोणी उठविले नसते. परंतु कोर्टात वर्षे घालविण्यास घेणारा तयार नव्हता. मूळ मालकाचे नातू दोन गावी विखुरलेले. एकाने काहीही न घेता सही दिली. दुसऱ्याने रक्कम मागितली, आणि ती मी दिली. मुद्रांक लागला तो २०१४ च्या बाजारभावाने, आणि तोही आम्हीच भरला. दस्त नोंदवून घरी आलो तेव्हा आईने विचारले, “आता तरी घर आपले झाले ना?” मी होय म्हणालो. पंधरा दिवसांनी ते आम्ही विकले.