हातांची बोली, ऐकणाऱ्यांची शिकवणी

आज आम्ही एका बोलीचा इतिहास सांगणार आहोत. ही बोली तोंडानं बोलत नाहीत, हातांनी बोलतात. कानांनी ऐकत नाहीत, डोळ्यांनी ऐकतात. कर्णबधिर माणसांची ही खुणांची भाषा. पण आजची गोष्ट मुख्यतः ऐकू येणाऱ्या माणसांची आहे. त्यांनी ही भाषा कुठं शिकून घेतली, कुठं बंद पाडायला बघितली, आणि त्यातून काय झालं, याची.

हा विषय आमच्यापर्यंत बैठकीतून आला. आमच्या एका बचत गटात एक वहिनी आहेत. त्यांना जन्मापासून ऐकू येत नाही. गटाच्या पहिल्या दिवसापासूनच्या त्या सभासद, बचत एकदाही चुकलेली नाही. बैठकीत त्या कडेला बसायच्या. सगळ्या हसल्या की हसायच्या, वही पुढं आली की सही करायच्या. एकदा वर्षाचा हिशोब काढताना दिसलं, की गटातल्या प्रत्येकीनं अंतर्गत कर्ज निदान एकदा तरी घेतलंय, वहिनींनी एकदाही नाही. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. त्यांनी मागितलं नाही, आम्ही दिलं नाही. पण त्यांनी मागायचं कोणत्या भाषेत, हा विचार आमच्यातल्या एकीच्याही मनात आला नव्हता. ज्या ठरावांवर त्यांच्या सह्या होत्या, ते ठराव त्यांना कुणी सांगितलेच नव्हते.

मग आम्ही खुणा शिकायचं ठरवलं. शिकता शिकता वाचनही सुरू झालं, आणि कळलं की आपल्याआधी एक अख्खं बेट हे शिकून बसलंय.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ मार्थाज व्हिनयार्ड नावाचं बेट आहे. तिथली जुनी वस्ती शेती करणाऱ्यांची, मेंढ्या पाळणाऱ्यांची आणि मासेमारांची. सतराव्या शतकात इंग्लंडच्या केंट भागातली काही कुटुंबं तिकडं जाऊन राहिली. त्यांच्यात पिढीजात बहिरेपण होतं. सोयरिकी बेटावरच जुळायच्या, त्यामुळं ते पुढच्या पिढ्यांत उतरत राहिलं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत साधारण ५,७०० माणसांमागं एक जन्मतः बहिरा असायचा. या बेटावर १५५ माणसांमागं एक होता, आणि चिलमार्क या गावात तर २५ माणसांमागं एक.

आता गावात इतकी माणसं बहिरी म्हटल्यावर गावानं काय केलं? सगळं गाव खुणांनी बोलायला शिकलं. त्यासाठी कुणी वर्ग काढला नाही. पोरं आईच्या कडेवरून इंग्रजी शिकली, तशाच खुणाही शिकली. दुकानात, चर्चमध्ये, बांधावर हातांनी बोलणं चालायचं. समुद्रात दोन होड्या लांब असल्या आणि आवाज पोचत नसला, की ऐकू येणारे कोळीसुद्धा एकमेकांशी हातांनीच बोलायचे. बहिऱ्या माणसांची लग्नं ऐकू येणाऱ्यांशी व्हायची आणि गावच्या कारभारातही ती असायची.

नोरा एलन ग्रोस या अभ्यासक बाईंनी तिथल्या म्हाताऱ्या माणसांना भेटून हा इतिहास गोळा केला. त्यांचं पुस्तक १९८५ साली आलं. त्यातला एक प्रसंग आम्ही बैठकीत सांगतो. जुन्या काळातल्या दोन माणसांबद्दल ग्रोसबाईंनी एका आजींना विचारलं, की या दोघांत सारखं काय होतं? आजी म्हणाल्या, दोघं चांगले मासेमार होते. ग्रोसबाईंना स्वतःच विचारावं लागलं, की दोघं बहिरे होते ना? तेव्हा कुठं आजींना ते आठवलं! आपल्या गावात आपण कुणाची ओळख कशी सांगतो, ते आठवून बघा. आम्ही तर वहिनींना त्यांच्या नावानं कमी आणि ‘ती मुकी’ म्हणून जास्त ओळखत होतो.

पुढं बाहेरची माणसं बेटावर आली, सोयरिकी बाहेर व्हायला लागल्या आणि बहिरेपण कमी होत गेलं. पिढीजात बहिऱ्यांपैकी शेवटच्या बाई १९५२ साली वारल्या. त्याआधी, एकोणिसाव्या शतकात, या बेटावरची बहिरी मुलं शिकायला हार्टफर्ड या गावी जायची. त्या शाळेची कथाही ऐकण्यासारखी आहे, कारण ती एका शिकाऊ माणसापासून सुरू होते.

हार्टफर्डमध्ये थॉमस गॅलॉडेट नावाचा एक तरुण होता, ऐकू येणारा. शेजारची ॲलिस ही छोटी मुलगी आजारपणात बहिरी झाली होती. तिच्याशी बोलावं कसं, हे त्याला कळेना. ॲलिसच्या डॉक्टर वडलांनी आणि गावातल्या लोकांनी पैसे उभे केले आणि १८१५ साली त्याला युरोपला पाठवलं. इंग्लंडमध्ये बहिऱ्या मुलांना शिकवणं हा एका घराण्याचा धंदा होता. ती विद्या ते सहजासहजी कुणाला देत नसत. गॅलॉडेटचं तिथं जमलं नाही.

पॅरिसमध्ये मात्र दार उघडं होतं. तिथं १७६० च्या सुमारास आबे द लेपे या धर्मगुरूंनी बहिऱ्या मुलांची फुकट शाळा सुरू केली होती. सांगतात की ते एका घरी गेले होते. तिथं दोन बहिणी बसल्या होत्या. त्यांनी काही विचारलं, तर मुली उत्तरच देईनात. आई आली तेव्हा कळलं, की दोघींना ऐकू येत नाही. लेपेंनी त्यांना शिकवायला घेतलं, पण आधी स्वतः मुलांकडून खुणा शिकून घेतल्या. गुरुजी आधी शिष्य झाले.

गॅलॉडेट याच शाळेत गेला. तिथं लॉरां क्लेर हे बहिरे शिक्षक होते. त्यांच्याकडून गॅलॉडेट थोडं शिकला, पण परतायची वेळ झाली. मग त्यानं क्लेरनाच बरोबर चला म्हणून गळ घातली. १८१६ साली दोघं जहाजात बसले. प्रवास ५२ दिवसांचा. त्या ५२ दिवसांत क्लेरनी त्याला खुणा शिकवल्या आणि त्यानं क्लेरना इंग्रजी शिकवलं. १८१७ च्या एप्रिलमध्ये हार्टफर्डची शाळा उघडली. पहिल्या मुलांमध्ये ॲलिस होती. क्लेरनी आणलेल्या पॅरिसच्या खुणा, बेटावरच्या मुलांच्या खुणा आणि बाकीच्या मुलांच्या घरच्या खुणा तिथं एकत्र आल्या आणि त्यातून आजची अमेरिकन खुणांची भाषा घडली.

इथपर्यंत सगळं बरं चाललं होतं. मग १८८० साल आलं. इटलीतल्या मिलान शहरात बहिऱ्यांच्या शिक्षणाबद्दल एक मोठी परिषद भरली. तिथं ठराव झाला, की शाळेत खुणा नकोत, मुलांना तोंडानंच बोलायला शिकवायचं आणि ओठ वाचायला लावायचे. त्या परिषदेत १६४ प्रतिनिधी होते. त्यांतला बहिरा माणूस फक्त एक होता.

मैत्रिणींनो, ही तऱ्हा आपल्या ओळखीची आहे. बायांसाठीची योजना बायांना न विचारता ठरते आणि सह्या घ्यायला कागद घरी येतो. मिलानमध्ये तसंच झालं, आणि त्याचे परिणाम शंभर वर्षं मुलांनी भोगले. किती तरी देशांत शाळांतून बहिरे शिक्षक कमी झाले. खुणा केल्या म्हणून मुलांच्या हातांवर छड्या बसल्या, हात मांडीखाली धरून बसवलं गेलं. मुलं एक एक शब्द उच्चारायला शिकण्यात वर्षं घालवायची आणि बाकीचा अभ्यास मागं पडायचा. पण भाषा मेली नाही. वसतिगृहात, मैदानात, दिवे बंद व्हायच्या आधी मुलं एकमेकांना ती शिकवत राहिली. हा ठराव चुकला, असं त्याच परिषदेच्या परंपरेतल्या सभेनं जाहीर मान्य केलं ते २०१० साली, कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये. तोवर १३० वर्षं उलटून गेली होती.

मधल्या काळात आणखी एका शिकाऊ माणसानं मोठं काम केलं. विल्यम स्टोको हे इंग्रजीचे प्राध्यापक १९५५ साली अमेरिकेतल्या बहिऱ्यांच्या कॉलेजात नोकरीला लागले. त्यांना खुणा येत नव्हत्या. शिकताना त्यांच्या लक्षात आलं, की हे नुसते हातवारे नाहीत. हाताचा आकार कसा आहे, हात कुठं धरलाय आणि कसा हलतोय, यांतलं एक बदललं तरी शब्द बदलतो. जसं आपल्याकडं ‘काम’ आणि ‘नाम’ यांत एका अक्षरानं अर्थ बदलतो, तसंच. म्हणजे याला व्याकरण आहे, ही पुरी भाषा आहे. १९६० साली त्यांनी हे छापलं, तेव्हा सोबतचे लोक हसले. पुढं १९६५ साली त्यांनी दोन बहिऱ्या सहकाऱ्यांबरोबर कोश काढला आणि हसणं थांबलं.

आता आपल्याकडं येऊ. मुंबईत बहिऱ्या मुलांची शाळा १८८० च्या दशकातच सुरू झाली. पण तो काळ मिलानच्या ठरावाचा होता, म्हणून आपल्याकडच्या शाळांतही भर राहिला तो तोंडानं बोलण्यावर. १९७७ साली मदन वसिष्ठ भारतात अभ्यासाला आले. हिमाचलच्या एका खेड्यात वाढलेले आणि अकराव्या वर्षी बहिरे झालेले हे गृहस्थ पुढं अमेरिकेत जाऊन शिकले होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली, कोलकाता, मुंबई आणि बंगळुरू इथल्या बहिऱ्या माणसांच्या खुणा तपासल्या. चारही शहरांत थोडाफार फरक होता, पण मूळ भाषा एकच दिसली, आणि ती अमेरिकेची किंवा इंग्लंडची नक्कल नव्हती. तीच भारतीय सांकेतिक भाषा. तिच्यासाठी २०१५ साली दिल्लीत सरकारी संशोधन व प्रशिक्षण केंद्र निघालं. त्या केंद्राच्या कोशात २०१८ साली ३,००० शब्द होते, २०२१ मध्ये ते १०,००० झाले. या कोशाचे व्हिडिओ मोबाईलवर फुकट बघता येतात.

आम्हीही मोबाईलपासूनच सुरुवात केली. पण खऱ्या शिक्षिका गटातच बसल्या होत्या. वहिनी माहेरी असताना बहिऱ्या मुलांच्या शाळेत गेल्या होत्या, मैत्रिणींशी खुणांनी भरभरून बोलायच्या. सासरी खुणा कुणालाच येत नव्हत्या, म्हणून हात गप्प झाले होते. आम्ही ‘शिकवा’ म्हटलं, तर आधी त्यांना थट्टाच वाटली.

पहिला शब्द त्यांनी शिकवला तो ‘बाई’. नाकाला जिथं चमकी असते तिथं बोट लावायचं. ‘पुरुष’ म्हणायचं तर ओठावर मिशीसारखं बोट फिरवायचं. सगळ्या खूप हसलो आणि दोन्ही शब्द कायमचे पाठ झाले. मग कळलं, की या भाषेत ‘काय, किती, कधी’ हे शब्द वाक्याच्या शेवटी येतात. आपणही ‘तुझं नाव काय’ असंच म्हणतो, म्हणून ते सोपं गेलं. अवघड गेला तो चेहरा. आम्ही हातांकडंच बघत बसायचो, आणि वहिनी आमची हनुवटी वर करून डोळ्यांत बघायला लावायच्या. या भाषेत प्रश्न भुवयांतही असतो. भुवया न हलवता विचारलं, तर विचारल्यासारखं होतच नाही.

आमच्या चुका खूप झाल्या. एकीनं ‘हप्ता’ सांगायला जाऊन भलतंच सांगितलं आणि वहिनींचे डोळे मोठे झाले. पण चुकीला त्या रागावल्या नाहीत. त्या रागावायच्या ते आम्ही मध्येच ‘जाऊ दे, नंतर सांगते’ असा हात केला की. आता आम्हाला कळतं, जन्मभर त्यांनी तेवढंच ऐकलं होतं.

आता बैठकीत आम्ही गोल बसतो, म्हणजे सगळ्यांचे हात सगळ्यांना दिसतात. एका वेळी एकच बोलते. हाक मारायची तर खांद्याला हलकेच हात लावतो. ठराव आधी खुणांनी सांगायचा आणि मग वही फिरवायची, असा नियमच केलाय. आम्हाला अजून मोडकंतोडकंच येतं. पण तिसऱ्या महिन्यात वहिनींनी हात वर करून पहिला प्रश्न विचारला. आधी कर्जाची खूण केली, मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि भुवया उंचावून शेवटी विचारलं, ‘कधी?’ त्याच बैठकीत त्यांच्या शेळ्यांसाठीच्या कर्जाचा ठराव झाला. त्या वहीवरची त्यांची सही ही समजून केलेली पहिली सही.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या गटात, वाडीत, नात्यात कुणी कर्णबधिर असेल, तर आधी तिलाच विचारा, तुझ्या खुणा कोणत्या. शाळेत न गेलेल्या बाईच्याही घरच्या खुणा असतात. तिथून सुरुवात करा, सोबत मोबाईलवरचा कोश बघा, आणि आठवड्याला दोन-चार शब्द वाढवत जा. २३ सप्टेंबर हा जगभर सांकेतिक भाषांचा दिवस पाळतात. त्या दिवशी ग्रामसंघाच्या बैठकीत एखादा ठराव खुणांनी मांडून बघा.

ही गोष्ट आम्ही रेडिओवर सांगतोय, म्हणजे आमच्या वहिनींना ती ऐकू येणार नाही. छापून आली की त्या वाचतील. पण ती ज्यांना ऐकू येते, त्यांनीच शिकायचं आहे, म्हणून ती आधी तुमच्या कानावर घातली. पुढच्या बैठकीला एक शब्द तरी शिकून या. नाकावर बोट ठेवलंत तरी सुरुवात झाली.